जिन्यापर्यंत आलेली वासना

शेजारच्या राजेश्वरम्मांनी मला सकाळी जिन्यात अडवलं आणि सांगितलं की माझ्या घरात वासना आहे. माझ्या हातात दुधाची पिशवी होती, ती गळत होती, आणि ती थेंब थेंब कुठे पडतेय हे बघत मी तसाच उभा राहिलो. राजेश्वरम्मा मूळच्या आंध्राच्या, किनाऱ्याकडच्या. आमच्या मजल्यावर दोनच घरं, त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं, रावगारूंचं, एक आणि आमचं एक. गेल्या तीन वर्षांत दोन्ही दारं उघडी टाकून त्या माझ्या बायकोशी, कमलशी, गप्पा मारत आल्या आणि त्यातून मराठी शिकल्या. आपल्या मराठीचा त्यांना अभिमान आहे. मी या निजामाच्या जुन्या राजधानीत, जांबागेतल्या शाळेत, मराठी शिकवतो, म्हणून तर माझ्याशी त्या मुद्दाम मराठीतच बोलतात, फक्त हाक तेलुगूतली मारतात, पंतुलुगारू, म्हणजे मास्तर. "पंतुलुगारू, एक गोष्ट बोलते, राग नका करू," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात वासना आहे. आधी थोडी थोडी होती. आता जिन्यापर्यंत येते." मी विचारलं, "तुम्हाला जाणवते?" "अय्यो, सगळ्यांना! आमच्या रावगारूंना तर जेवण जात नाही. ते म्हणतात, म्हाताऱ्यांच्या खोलीतून येते." मग माझ्याकडे नीट बघत त्यांनी विचारलं, "तुम्हाला नाही कळत?" मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत एवढी दया दाटली, की मला एकदम पोरकं वाटलं. "काहीतरी करा," त्या म्हणाल्या. "कमलम्मा नांदेडहून यायच्या आत घालवा तिला." आणि पदर नाकाला लावून त्या खाली उतरल्या. मला वाटलं, त्यांना भरून आलंय.

मराठीच्या मास्तराला वासना या शब्दाचे दोन अर्थ ठाऊक असतात. एक, जो कवितेत आला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. तो मी तिथल्या तिथे फेटाळला. चोपन्नाव्या वर्षी, बायको भाच्याच्या लग्नाला गेलेली असताना, ती माझ्यात जिन्यापर्यंत जाण्याइतकी उरली असती तर मलाच आनंद झाला असता. राहिला दुसरा अर्थ. माणूस जातो आणि त्याची जी मागे राहते, ती. म्हाताऱ्यांच्या खोलीतून, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नामदेवरावांच्या खोलीतून. बाबा डिसेंबरात गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. झाडावर कावळे भरपूर होते, खाली बघत होते, आपापसात काहीतरी बोलत होते, पण एकही उतरेना. मी हात जोडून सांगितलं, बाबा, काळजी करू नका. चुलते म्हणाले, गावाकडच्या म्हसोबाला नारळ देऊ. कावळे ढिम्म. गुरुजींना पुढे आणखी एक दहावं होतं, ते घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा वळला, पिंडाला टेकवला आणि झालं म्हणाले. सगळ्यांनी हुश्श केलं. मीही केलं. पण तो गवताचा कावळा माझ्या मनात कुठेतरी बसून राहिला होता, आणि आज सकाळी राजेश्वरम्मांनी त्याला नेमका उडवला.

आता मला न जाणवण्याचं म्हणाल, तर मला काहीच जाणवत नाही. पस्तिशीत एक जबर सर्दी झाली, ती गेली तेव्हा नाकातली सगळी माया घेऊन गेली. तेव्हापासून मला वास येत नाही. सुवास नाही, कुबट नाही, गॅस उघडा राहिलेला नाही. कमल म्हणते, "तुमचं नाक म्हणजे नुसतं चष्मा ठेवायची जागा." त्याची मला सवय झाली आहे. डोळे आणि कान असले की मास्तराचं चालतं. मात्र एक गंमत आहे, पस्तिशीआधीचे वास माझ्याकडे जसेच्या तसे आहेत. गौलीगुड्यातल्या दोन खोल्या, बाबा बस डेपोतून आले की त्यांच्या हाताला येणारा डिझेलचा वास, बाबा तिथे मेकॅनिक होते, त्यावर कपडे धुण्याच्या पिवळ्या साबणाचा वास आणि त्याच्याखालून पुन्हा डिझेल. ते हात माझ्या तोंडावरून फिरायचे. नव्यांची मात्र भर पडत नाही. ही काचीगुड्यातली जागा, हा फ्लॅट, याला कसला वास आहे हे मला कधीच कळलेलं नाही. कमल टीव्हीवरच्या जाहिराती बघून कसकसले फवारे आणते, मोगरा, लव्हेंडर, समुद्राची झुळूक. आधी दुकानात एक फिनेल मिळायचं आणि एक उदबत्ती मिळायची, आता झुळूकसुद्धा डब्यात मिळते. ती फवारते आणि मला विचारते, "कसं वाटतंय?" मी म्हणतो, ओलं.

मी बाबांच्या खोलीत जाऊन बसलो. खोलीत गारवा होता. खिडकीतला कूलर मी रात्रंदिवस चालू ठेवला होता. कूलर बाबांचा लाडका. मे महिन्यात त्याच्या तोंडासमोर खुर्ची टाकून ते बसायचे आणि वाळ्याच्या ओल्या गवताचा वास छाती भरून घेत म्हणायचे, "मधू, नबाबाला काय वेगळं सुख होतं रे?" आताही कूलर घरघरत होता, वारं माझ्या मानेवरून दारातून बाहेर जिन्याकडे जात होतं, आणि मी त्या वाऱ्यात बसून मनातल्या मनात विचारत होतो, बाबा, काय राहिलं? भीती नव्हती. बापाची कसली भीती. पण वाईट वाटत होतं. म्हातारा पाच महिने इथे घुटमळतोय, शेजाऱ्यांना कळतंय, रावगारूंना जेवण जात नाही, आणि पोटचा मुलगा खाली बसून बिस्किट खातोय. तेवढ्यात फोन वाजला. कमल होती, नांदेडहून. मी तिला काही सांगितलं नाही. लग्नघरात उभी राहून ती घाईघाईने बोलत होती. "दूध फ्रीजमध्ये ठेवता ना? कूलरचं पाणी बदललंत का? सात दिवस तेच पाणी असेल. घरात वास येतोय का हो?" मी म्हणालो, "मला विचारतेस?" ती हसली, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तेही खरंच."

काय राहिलं असेल? मी हेडमास्तर व्हावं, ही इच्छा त्यांनी स्वतःच सोडून दिली होती. आमच्या शाळेत मराठीच्या तुकडीत यंदा इतकी कमी पोरं आहेत, की हेडमास्तर होऊन मी कुणाचं हेड होणार. विमानात बसायची इच्छा त्यांना अलीकडे झाली होती, नव्या कंपन्यांच्या विमानांच्या जाहिराती बघून, पण ती बसायची नव्हती, इंजिन उघडून बघायची होती. केबलवरची ती सगळी चॅनेलं बंद करून एकच ठेवावं असं त्यांना वाटे. ही काही माणूस अडकून पडावा अशी इच्छा नव्हे. आणि मग, कूलरचं वारं मानेवर घेत असताना, मला तव्याचा आवाज आठवला. चुरचुर, चुरचुर. सुकट. गौलीगुड्यात दर रविवारी डेपोतून येताना बाबा बेगमबाजारातून कागदाच्या पुडीत सुकट आणायचे. आई ती कोरडी भाजायची, मग लसूण, लाल मिरची, कांदा. तो वास अख्ख्या गल्लीत जायचा आणि कुणाचंही काही बिघडायचं नाही, कारण गल्लीत आमच्या नाकाची वाट बघत दुसऱ्यांच्याही सुकटी असायच्या. या फ्लॅटमध्ये सामान आलं त्याच दिवशी बाबांनी समोरच्या दारात रावगारूंना पाहिलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, उघडं अंग, हातात फुलांची परडी. बाबा आत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मधू, शेजार सोवळ्याचा आहे. आपली सुकट इथं नको. त्यांना वास सोसायचा नाही." कुणी काही म्हणालं नव्हतं. त्यांनीच ठरवलं आणि तीन वर्षं पाळलं. मला तर वासाशीच देणंघेणं नव्हतं, त्यामुळे ते काय सोडतायत हे माझ्या लक्षातही आलं नाही. दिवाळीनंतर अंथरुणाला खिळले तेव्हा एकदा मात्र त्यांनी मान उचलली होती. नाकपुड्या फुलवून म्हणाले होते, "कुठंतरी सुकट भाजतायत रे." मी म्हणालो, "इथे कोण भाजणार, बाबा? भास होतोय तुम्हाला." ते म्हणाले, "असेल," आणि डोळे मिटून तो भास घेत पडून राहिले, बराच वेळ, तोंडभर हसत.

मी उठलोच. पिशवी घेतली आणि बेगमबाजार गाठला. इतक्या वर्षांनी ती गल्ली सापडेल की नाही असं वाटलं होतं, पण पाय आपोआप गेले. लोक नाक मुरडत जिथून भराभर चालत होते तिथेच दुकान होतं. दुकानदाराने नागाने फणा मारावा तसा हात पोत्यात घातला. "फर्स्ट किलास झिंगे हैं, मास्टरसाब." वासाला इथे बास म्हणतात. मी म्हणालो, "बास जरा कम आयेसो होना. बाजूवाले सोवळे लोगां हैं." तो पोट धरून हसला. "बास नक्को बोले तो फिर झिंगे कायकू ले रैं साब? गोभी ले लेव!" त्याने दोन कागदांत पुडी बांधली. बसमध्ये गर्दी होती, पण मी चढलो आणि लोक सरकले. एक बाई उठून मागे गेली. एका कॉलेजच्या पोराने आपली सीट मला दिली आणि स्वतः पायरीवर जाऊन लटकला. माझ्या शेजारची जागाही रिकामी राहिली, काचीगुड्यापर्यंत. मला भरून आलं. या शहरात अजून मास्तरांना मान आहे, असं मी त्या पिशवीला कवटाळून स्वतःला सांगत होतो, आणि आजचा दिवस बाबांच्या आशीर्वादाने चांगला जातोय असंही वाटत होतं. चौकात चुलीवर ज्वारीच्या भाकरी भाजून विकणाऱ्या बाईकडून दोन गरम भाकरी घेतल्या. तिने पिशवीकडे बघून डोळा मिचकावला.

स्वयंपाकघरात मी वासाशिवाय स्वयंपाक करतो, म्हणजे कानाने करतो. तवा तापला, सुकट टाकली, तिची आधी सळसळ झाली, मग चुरचुर. हाच तो आवाज. लसूण पडला, मिरची पडली, डोळ्यांतून पाणी आलं. ते मिरचीचंच होतं, असं मी म्हणणार नाही. आई उभी राहायची तशी, एक हात कमरेवर ठेवून, मी तिथे उभा होतो, आणि माझ्या नाकाच्या आत कुठेतरी, फार मागे, गौलीगुड्याचा रविवार पुन्हा भाजला जात होता. तो तव्यातून येत नव्हता, माझ्याच साठ्यातून येत होता, पण मला तेवढा पुरे होता. बाबांच्या स्टीलच्या ताटलीत भाकरी मोडली, वर सुकट घातली, आणि त्यांच्या खोलीतून गॅलरीत जाऊन ताटली कठड्यावर ठेवली. केबलच्या वायरीवर एक कावळा बसला होता. मी हात जोडले. मराठीचा मास्तर असूनही मला एक धड वाक्य सुचलं नाही. म्हणालो, बाबा, जेवून घ्या. कावळ्याने मान तिरकी करून ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पंखाखाली चोच घालून खाजवत बसला. मी आत सरकलो, पडद्याआड उभा राहिलो. तो उतरेना. दहाव्याचेच कावळे इथवर माग काढत आले की काय असं मला वाटायला लागलं. हेही नाही, तर मग काय हवंय, बाबा? तुम्ही काही मागितलंच नाहीत कधी, मी कुठे शोधू आता?

दारावर थाप पडली, एक नाही, धडाधड. दार उघडलं तर राजेश्वरम्मा. आता सोवळ्यातल्या शेजाऱ्यांचे बोल ऐकावे लागणार, तेही व्याकरणाच्या चुकांसकट. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. नाक पुढे करून, डोळे अर्धे मिटून त्या घरात शिरल्या, स्वयंपाकघराच्या दाराशी थबकल्या, वळल्या, बाबांच्या खोलीतून थेट गॅलरीत गेल्या. मी मागून धावलो. "अहो, थांबा, ते बाबांचं..." तोपर्यंत त्यांनी कठड्यावरच्या ताटलीतून चिमूटभर सुकट उचलली होती आणि तोंडात टाकली होती. वायरीवरचा कावळा बघत राहिला. मीही बघत राहिलो. राजेश्वरम्मा डोळे मिटून चावत होत्या. मग एक भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी उरलेला मसाला पुसून घेतला आणि म्हणाल्या, "एंडु रोय्यलु! पंतुलुगारू, तुम्ही खाता?"

"आम्ही खातो," मी म्हणालो. "पण तुम्ही?"

"आमचं भीमवरम्! समुद्र बाजूला! याच्याशिवाय आम्हाला भात जात नाही. पण तुम्ही पंतुलु ना? मास्टर, मराठी, पंतुलु. म्हणजे ब्राह्मण. रावगारू पहिल्या दिवशीच बोलले, शेजारी पंतुलु आहेत, घरात रोय्यलु आणायचं नाही. तीन वर्षं झालं!"

तेलुगूत मास्तराला पंतुलु म्हणतात आणि ब्राह्मणालाही. त्या हाक मारायच्या तेव्हा आमच्या कुणबी घराला पंतपद मिळाल्यासारखं वाटून मी गप्प बसत असे, थोडा सुखावतही असे. मी मटकन बाबांच्या पलंगावर बसलो आणि हसायला लागलो. मग त्याही हसायला लागल्या. दोन्ही दारं उघडी टाकून दोन घरं तीन वर्षं गप्पा मारत होती आणि एकमेकांच्या सोवळ्यासाठी उपाशी राहत होती. "मग सकाळी तुम्ही ते, वासना..." मी म्हणालो. त्यांनी चटकन पदर नाकाला लावला. "ती आहेच अजून! ही चांगली वासना, ती वाईट वासना. मेल्याची वासना! बास, बास! बू!" आणि त्यांनी नाक चिमटीत धरून दाखवलं.

तेलुगूत वासना म्हणजे वास. मला ते ठाऊक होतं. बाजारापुरती तेलुगू मला येते. वर्गातली पोरं निबंधात फुलांची वासना दरवळली असं लिहितात आणि दर वर्षी मी लाल शाईने त्यातला ना खोडतो. पण बाई मराठीत बोलत होती, आणि मी मराठीत ऐकलं. राजेश्वरम्मांनी पदर खोचला, नाक पुढे केलं आणि त्या खोलीभर फिरल्या. पलंगाखाली नाही. कपाटामागे नाही. कूलरपाशी त्या थांबल्या आणि ओरडल्या, "इक्कडे! इथेच!" मी कूलर बंद केला, गवताची जाळी काढली. खालच्या पाण्यात एक चिचुंद्री मरून फुगली होती. आठवडाभर कूलर तिच्यावरून वारं घेऊन ते घरात, आणि घरातून जिन्यात पाठवत होता, आणि मी त्या वाऱ्यात बसून बापाला विचारत होतो, काय राहिलं. राजेश्वरम्मांना मी ते सांगितलं. कावळ्याचंही सांगितलं, गवताच्या आणि वायरीवरच्याही. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि जीभ चावली. "अय्यो, ते म्हाताऱ्यांचं होतं? मी खाल्लं!"

"बरं झालं," मी म्हणालो. "कुणीतरी शिवलं."

नंतर आम्ही दोघांनी घर धुऊनपुसून काढलं. चिचुंद्री कागदात गुंडाळून मी कचऱ्याच्या कुंडीत टाकून आलो. जुनं गवत काढलं, टाकी फिनेलने घासली, मग लिंबाच्या सालींनी घासली, गॅलरीत उन्हात ठेवली. गाद्या, उशा, पडदे, सगळं उन्हात. कमलचे मोगरा आणि लव्हेंडर राजेश्वरम्मांनी हुंगून बाजूला ठेवले. वासावर वास घालायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. आधी घालवायचा, मग दारं उघडायची, मग कापूर. मी नुसता त्या सांगतील ते करत होतो. टाकी पुसता पुसता त्या सहज म्हणाल्या, "मी एकदाच चोरून केलं होतं. दिवाळीनंतर. रावगारू ऑफिसला गेले तेव्हा, सगळ्या खिडक्या बंद करून. भीती वाटत होती, तुमच्याकडे वासना जाईल म्हणून." मी हातातला बोळा खाली ठेवला. "आली होती," मी म्हणालो. "बाबांना आली होती. ते म्हणाले होते, कुठंतरी सुकट भाजतायत. मी म्हणालो, भास होतोय." राजेश्वरम्मांचा हात थांबला. मी त्यांना सांगितलं, की त्या दिवशी ते बराच वेळ हसत पडून होते. म्हाताऱ्याचं नाक शेवटपर्यंत शाबूत होतं. जन्मभर डिझेलमध्ये काम करूनही बंद दारांपलीकडची सुकट त्याला कळली, आणि आपल्यामुळे शेजारणीला चोरून खावं लागतंय हे कळलं असतं तर तो उठून त्यांच्या दारात गेला असता, ताटली घेऊन.

कापूर जळून गेला. ताज्या गवताच्या जाळ्या बसवल्या, पाणी भरलं, कूलर सुरू केला. मला गार वाटलं, एवढंच. उरलेली सुकट मी डब्यात घालून राजेश्वरम्मांच्या हातात दिली, रावगारूंसाठी, विभूती पुसून खावी म्हणून. कठड्यावरची ताटली रिकामी होती. भाकरीचा उरलेला तुकडा कधी गेला आणि कुणी नेला ते आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं. वायर मोकळी होती. राजेश्वरम्मा डबा घेऊन दारापर्यंत गेल्या, उंबऱ्यावर थांबल्या, वळून बाबांच्या खोलीच्या दिशेने त्यांनी एक लांब श्वास घेतला, आणि मग माझ्याकडे बघून हसल्या.

"पंतुलुगारू," त्या म्हणाल्या, "आता वासना गेली."

माझी लाल शाई तिथेच वाळली.

"गेली," मी म्हणालो.